तीन पाळ्यांच्या गावात मनाची स्वस्थता

भंडारा रोड नावाचे रेल्वे स्टेशन भंडारा शहरात नाही, हे आपल्या भागातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असते. परगावचा पाहुणा मात्र हमखास फसतो. मुंबई-हावडा या मोठ्या लोहमार्गावरचे हे स्टेशन मोहाडी तालुक्यातल्या वरठी गावी आहे. तिथे उतरायचे आणि भंडाऱ्यासाठी पुढे दहा-एक किलोमीटरचा रस्ता धरायचा. स्टेशनामुळे गावाला रात्र अशी फारशी नाही. मालगाड्या दोन वाजताही धडधडत जातात. गावाला लागून सनफ्लॅगचा लोखंड-पोलादाचा कारखाना आहे. तो १९८० च्या दशकाच्या अखेरीस सुरू झाला. पोलादाची भट्टी संध्याकाळी विझवून सकाळी पेटवता येत नाही, म्हणून तिथे पाळ्या आल्या. आणि या सगळ्याच्या भोवती, नजर जाईल तिथवर, धानाच्या बांध्या.

म्हणजे एका गावात तीन घड्याळे झाली. एक नक्षत्रांचे. मृगात पेरणी, आर्द्रा-पुनर्वसूत रोवणी, दिवाळीच्या सुमारास कापणी. हे घड्याळ सावकाश चालते, पण कोणासाठी थांबत नाही. दुसरे गाडीचे. तिसरे कारखान्याच्या पाळीचे. या आठवड्यात पहिली पाळी तर पुढच्या आठवड्यात रात्रपाळी. एवढ्यावर भागत नव्हते म्हणून की काय, चौथे घड्याळ खिशात आले. ते वेळ कमी आणि बातम्या जास्त सांगते. शेजारच्या तालुक्यात तुडतुडा आला, अमक्याच्या पोराला नोकरी लागली, तमक्याचे लग्न मोडले, आणि हे सगळे माणूस अंथरुणावर पडल्यावर.

असे एखादे घर डोळ्यांसमोर आणा. थोरला रात्रपाळीहून सकाळी परततो. त्याच वेळी धाकटा सायकल काढून बांधीकडे निघतो. सून बचत गटाचा हप्ता आणि पोरांची शाळा या दोन टोकांमध्ये ओढली जाते. म्हातारे बाबा ओट्यावर बसून, धानाचा चुकारा खात्यात जमा झाला की नाही, हे दिवसातून चार वेळा विचारतात. घरात कोणी आजारी नाही, भांडण नाही, उपासमार नाही. तरीही कोणाच्या चेहऱ्यावर स्वस्थता नाही. सगळे मिळून एका चटईवर केव्हा बसलो होतो, हे आठवायला लागते.

या अवस्थेला हल्ली ‘टेन्शन’ म्हणतात. हा शब्द आता इतका आपला झाला आहे की म्हैस आटली तरी टेन्शन आणि पाहुणे आले तरी टेन्शन. पण ही केवळ बोलण्याची लकब नव्हे. हान्स सेल्ये नावाच्या शास्त्रज्ञाने १९३६ साली उंदरांवरचे प्रयोग प्रसिद्ध केले. थंडी असो, जखम असो की अति श्रम असोत, संकट कुठलेही आले तरी शरीर त्याला एकाच ठराविक रीतीने तोंड देते, असे त्याला दिसून आले. ताणाच्या अभ्यासाची सुरुवात तिथून मानतात.

शेतकऱ्याला हे समजायला पुस्तक नको, गोठा पुरे. रात्री रानाच्या बाजूने बिबट्याचा वास आला की बैल उभा राहतो. कान टवकारतो, नाकपुड्या फुलतात, श्वास जोराचा होतो, अंग थरथरते. त्याच्या रक्तात ॲड्रिनॅलिन नावाचे द्रव्य उतरलेले असते. ते पळायला किंवा शिंग रोखायला बळ देते. बिबट्या निघून गेला की घटकाभराने बैल खाली बसतो आणि रवंथ करू लागतो. त्याचे संकट संपले.

माणसाचे तसे होत नाही. त्याचा बिबट्या जात नाही, कारण तो मनात बसलेला असतो. सोसायटीचा हप्ता तीन महिन्यांनी भरायचा असतो; पण अंग आजच थरथरते, उद्याही थरथरते. बैल चाऱ्याचे रवंथ करतो, माणूस चिंतेचे. बैलाच्या रवंथाने चारा पचतो आणि माणसाच्या रवंथाने झोप जाते, एवढाच फरक. महिनोन्‌महिने असे चालले की रक्तदाब वाढतो, पोटात आग पडते, शब्दाशब्दाला चिडचिड होते. घरातली माणसे म्हणतात, स्वभाव बदलला. स्वभाव नाही बदललेला. अंगातला पहारेकरी झोपायला तयार नाही.

मग त्याला झोपवायचे कसे? शहरात यासाठी आता वर्ग निघतात, फी भरून लोक डोळे मिटायला शिकतात. चांगले आहे. पण आपल्या विदर्भात हे काम गावोगावी, फुकट, सतरंजी टाकून झालेले आहे आणि अजूनही पुष्कळ गावांत होते. आपण ते भजन-कीर्तनाच्या खात्यावर टाकून मोकळे झालो, म्हणून ते मनाच्या आरोग्याचे काम होते हे ध्यानात येत नाही.

राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांचा जन्म ३० एप्रिल १९०९ चा, अमरावती जिल्ह्यातल्या यावलीचा. तरुणपणी त्यांनी रानावनात एकांत साधना केली हे सर्वश्रुत आहे. पण ते रानात राहिले नाहीत. १९३५ च्या सुमारास त्यांनी मोझरीला गुरुकुंज आश्रम उभा केला. १९३६ मध्ये गांधीजींच्या सहवासात वर्ध्याजवळच्या सेवाग्रामला महिनाभर राहिले. तिथली रोजची प्रार्थना त्यांनी जवळून पाहिली असणारच. १९४२ च्या आंदोलनात तुरुंगवास भोगला. नंतर श्री गुरुदेव सेवा मंडळाच्या रूपाने जे उभे राहिले त्याच्या केंद्रस्थानी त्यांनी दोन साध्या गोष्टी ठेवल्या: सकाळी सामुदायिक ध्यान आणि संध्याकाळी सामुदायिक प्रार्थना.

यातला ‘सामुदायिक’ हा शब्द महत्त्वाचा. ज्या माणसाने स्वतः एकांतात साधना केली, त्याने गावाला एकांत सांगितला नाही. का सांगितला नाही, याचा विचार करण्यासारखा आहे. शेतकऱ्याला एकांत हवाच कशाला? तो दिवसभर बांधीत एकटाच असतो. धुऱ्यावर बसून तो एकटाच काळजी करतो. त्याला कमी असते ती सोबत. आणि सोबत म्हणजे पानठेल्यावरची नव्हे. तिथे चार माणसे जमली की चार चिंता बारा होतात. ज्या सोबतीत कोणी बोलत नाही, कोणी कोणाचा हिशेब विचारत नाही, जात विचारत नाही, सगळे एका रांगेत एका सुरात बसतात, ती सोबत महाराजांनी दिली. समोर मूर्ती नाही, एक स्वच्छ आसन मांडलेले. ज्याला जो देव मानायचा तो त्याने तिथे मानावा. १९५५ च्या ग्रामगीतेत एकेचाळीस अध्याय आहेत. त्यात ग्रामसफाई आहे, ग्रामोद्योग आहे, गोसेवा आहे, स्त्रियांची उन्नती आहे, आणि त्याच रांगेत प्रार्थनेचाही अध्याय आहे. म्हणजे नाली साफ करणे आणि मन साफ करणे ही एकाच गावाची कामे. त्यांना वेगळी खाती नाहीत.

११ ऑक्टोबर १९६८ रोजी महाराजांचे मोझरीला निर्वाण झाले. तेव्हापासून पुण्यतिथी महोत्सवात दुपारी ४ वाजून ५८ मिनिटांनी मौन श्रद्धांजली होते. लाखांचा समुदाय आणि आवाज कसला नाही. ज्यांनी ते अनुभवले त्यांना त्याचे वर्णन नको, आणि ज्यांनी अनुभवले नाही त्यांना वर्णनाने ते समजणार नाही. पण एवढे खरे की, हजारो माणसे मिळून काही क्षण गप्प राहू शकतात, तर पाच माणसांच्या घराला दहा मिनिटे अवघड नाहीत.

आता कोणी म्हणेल, ही श्रद्धेची गोष्ट झाली; ज्याची श्रद्धा नाही त्याने काय करावे? तर यात श्रद्धेइतकाच श्वासाचाही भाग आहे. इटलीतल्या काही डॉक्टरांनी २३ निरोगी माणसांवर एक पाहणी केली आणि ती २००१ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये छापून आली. त्यांनी या माणसांना ख्रिस्ती जपमाळेची लॅटिन प्रार्थना म्हणायला लावली आणि बौद्धांचा ‘ओम मणि पद्मे हुम्’ हा मंत्रही म्हणायला लावला. दोन्ही वेळा एकच गोष्ट घडली: श्वास संथ होऊन मिनिटाला सुमारे सहावर आला. एरवी बसलेला माणूस मिनिटाला बारा ते वीस श्वास घेतो. श्वास सहावर आला की हृदयाची गती आणि रक्तदाब यांची लय जुळते आणि तो आतला पहारेकरी खाली बसू लागतो. धर्म दोन, भाषा दोन, पण ओळ म्हणायला लागणारा वेळ सारखाच. आपल्या भजनांवर ही पाहणी झालेली नाही, तेव्हा त्यांच्या नावावर हा निष्कर्ष खपवू नये. पण संथ चालीत, ओळ संपेपर्यंत श्वास धरून, सगळ्यांच्या सुरात म्हणणे हेच आपल्याकडेही असते. रोवणीच्या बाया वाकून परे लावताना गाणी म्हणतात तीही याच जातीची. कंबर मोडते, पण मन मोडत नाही. रोवणीचे यंत्र आले तर कंबर वाचेल. गाणे मात्र दुसरीकडे कुठे तरी शोधावे लागेल.

वरठीच्या परिसरात बौद्ध कुटुंबे मोठ्या संख्येने आहेत. १४ ऑक्टोबर १९५६ च्या नागपूरच्या धम्मदीक्षेची आठवण इथल्या घराघरांत आहे. विहारातल्या वंदनेनंतर दहा मिनिटे आनापान करण्याची, म्हणजे येणाऱ्या-जाणाऱ्या श्वासाकडे नुसते पाहण्याची रीत कित्येक ठिकाणी आहे. ही रीत आपल्या मातीला नवी नाही. आपल्याच जिल्ह्यात वैनगंगेच्या काठी पवनीला १९६९-७० साली उत्खनन झाले आणि दोन हजार वर्षांहून जुने स्तूप उजेडात आले. ज्या नदीच्या पाण्यावर आपले धान उभे राहते तिच्याच काठी बसून कोणी भिक्खूंनी श्वास मोजला असेल, असे मानायला हरकत नाही.

विपश्यनेची दहा दिवसांची शिबिरेही पुष्कळांना माहीत झाली आहेत. सत्यनारायण गोएंका यांनी ती ब्रह्मदेशातून १९६९ साली भारतात आणली. इगतपुरीचे धम्मगिरी केंद्र १९७६ पासून चालते. फी नाही, शिबिर पूर्ण केलेल्याने इच्छा झाली तर दान द्यावे. दहा दिवस मौन, फोन नाही, भेटीगाठी नाहीत. शेतकऱ्याने जायचे तर कापणी-चुरणी आटोपल्यावर जावे. रोवणीत गेला तर घरचे लोक त्याला परत घेणार नाहीत! ज्याला आधीपासून मनाचा गंभीर आजार आहे त्याने मात्र डॉक्टरांना विचारल्याखेरीज जाऊ नये. केंद्रेही तशी माहिती अर्जातच विचारतात.

आणखी एक प्रवाह भंडारा, मोहाडी, मौदा या पट्ट्यात दिसतो, तो परमात्मा एक सेवकांचा. नागपूरचे बाबा जुमदेवजी (१९२१-१९९६) हे त्याचे प्रवर्तक. खरे बोलावे, मर्यादेने वागावे, प्रेमाने राहावे आणि दारू, सट्टा, जुगार यांना शिवू नये, असा साधा कारभार. त्यांची सगळी मते प्रत्येकाला पटतीलच असे नाही. पण घरातली बाटली गेल्यावर त्या घरात काय येते, हे ज्या बाईने पाहिले आहे तिला मनःशांतीची व्याख्या विचारायला नको. टेन्शन आहे म्हणून पितो, असे म्हणणाऱ्याला एवढेच सांगावे: दारूने डोळा लवकर लागतो हे खरे, पण उत्तररात्रीची झोप ती मोडते. तीन वाजता जाग येते ती त्यामुळे. ज्या औषधाने रोग वाढतो ते औषध कसले?

इथवर वाचून एखादा शेतकरी मनात म्हणेल, हे सगळे ठीक. पण धानाचे पैसे? त्याचे म्हणणे रास्त आहे. ज्याने केंद्रावर धान मोजून दिले आणि चुकाऱ्याची वाट पाहत बसला, त्याला ‘मन शांत ठेवा’ असा उपदेश करणे ही थट्टा आहे. हल्ली असा उपदेश फार स्वस्त झाला आहे. ज्याने पैसे द्यायचे तोही देतो. मन शांत ठेवणे हा अन्याय सोसण्याचा उपाय नव्हे. तुकडोजी महाराज प्रार्थना करत होते आणि त्याच काळात तुरुंगातही गेले. चुकारा अडला तर चारजणांनी मिळून अर्ज करावा, पावती मागावी, तारीख मागावी, पुन्हा जावे. फरक एवढाच की, संथ श्वासाचा माणूस टेबलासमोर उभा राहून मुद्द्याचे बोलतो. तापलेला माणूस ओरडतो आणि मग ‘तुम्ही नीट बोला’ एवढ्यावरच त्याचे काम अडकते.

म्हणून आमचे मत असे की, चटईच्या शेजारी एक वही ठेवावी. देवाची नव्हे, हिशेबाची. चिंता मनात असते तोवर तिला आकार नसतो. कागदावर उतरली की ती आकड्याएवढीच उरते. सोसायटीचे किती, कृषी केंद्रवाल्याचे किती, बचत गटाचे किती, येणे किती, कोणत्या तारखेला. रात्री निजण्यापूर्वी पाच मिनिटे उद्या करायची कामे लिहून काढावीत. अमेरिकेतल्या बेलर विद्यापीठाने २०१८ साली ५७ तरुणांवर असा प्रयोग प्रसिद्ध केला. ज्यांनी उद्याची कामे लिहिली त्यांना, झालेली कामे लिहिणाऱ्यांपेक्षा, सुमारे नऊ मिनिटे लवकर झोप लागली. नऊ मिनिटे म्हणजे काय मोठे, असे झोप लागणारा माणूस म्हणेल. न लागणाऱ्याला विचारा. आणि ही वही नवराबायकोने मिळून लिहावी. पुष्कळ घरांत कर्जाचा आकडा बायकोला सांगितलेला नसतो, तिला त्रास नको म्हणून. पण तिला तो नवऱ्याच्या चेहऱ्यावर दिसत असतोच, आणि न कळलेला आकडा नेहमी खऱ्या आकड्याहून मोठा वाटतो.

आता प्रत्यक्ष कसे बसावे ते. यात गूढ काही नाही. मांडी घालता येत नसेल तर बाजेवर किंवा खुर्चीवर बसले तरी चालते. पाठ ताठ, खांदे सैल. मनात पाच मोजेपर्यंत श्वास आत घ्यावा, पाच मोजेपर्यंत सोडावा. जोर लावू नये, रोखून धरू नये. असे झाले की मिनिटाला सहा श्वास होतात. चक्कर आल्यासारखे वाटले तर थांबावे आणि नेहमीसारखा श्वास घ्यावा. सुरुवातीला पाच मिनिटे, मग दहा. मन इकडेतिकडे जाईल. नाठाळ कालवड जशी पुन्हा पुन्हा दुसऱ्याच्या धुऱ्याकडे जाते तसे. तिला आपण मारत नाही, दोर धरून परत आणतो. इथेही तसेच करावे. ज्याला नाम घ्यायचे त्याने नाम घ्यावे, ज्याला ‘बुद्धं शरणं’ म्हणायचे त्याने ते म्हणावे, ज्याला काहीच म्हणायचे नाही त्याने नुसते आकडे मोजावेत. पहिल्या चार दिवसांत काही जाणवणार नाही. बी पेरून चौथ्या दिवशी उकरून पाहणाऱ्याचे पीक येत नाही.

रात्रपाळीच्या माणसाचे गणित वेगळे आहे. त्याच्या अस्वस्थतेचे अर्धे मूळ मनात नसून झोपेत असते. माणसाचे शरीर सूर्याच्या घड्याळावर बांधलेले आहे. ते दर आठवड्याला उलटेपालटे केले की अपचन आणि चिडचिड होणारच. अशाने सकाळी घरी आल्यावर खिडकीला जाड गोधडी लावून खोली अंधारी करावी आणि घरच्यांनी त्या वेळेत हाक मारू नये, पाहुण्यालाही सांगावे. चहा पाळीच्या पहिल्या अर्ध्या भागातच घ्यावा. त्यातल्या कॅफीनचा अंमल निम्म्यावर यायलाच पाच-सहा तास लागतात. पाळीवरून येऊन थेट बांधीत उतरणारे पुष्कळ आहेत. घामाची दाद द्यावी. पण अशा पेंगुळल्या डोळ्यांनी फवारणीचा पंप पाठीवर घेऊ नये, मळणी यंत्राजवळ जाऊ नये. झोप दोन हप्त्यांत घेतली तरी चालते, चुकवली तर चालत नाही.

घरच्या बाईचे काय? प्रार्थनेची वेळ सांजवेळेची आणि तीच स्वयंपाकाची. म्हणजे पुरुषांनी शांत बसायचे आणि तिने चुलीपाशी धूर खायचा, अशी वाटणी होते. मग उठून ‘भाजीत मीठ कमी आहे’ म्हणण्याइतकी शांती पुरुषांना मिळते! ज्या घरात खरोखर हे करायचे आहे तिथे दहा मिनिटे गॅस बंद राहिला पाहिजे. चूल थांबली तर प्रलय होत नाही. बचत गटाच्या बैठकीला जाणाऱ्या बाया सांगतात की हिशेब झाल्यावर उगाच अर्धा तास बसायला बरे वाटते. त्या अर्ध्या तासाला कोणी ध्यान म्हणत नाही, पण त्याचे काम तेच आहे. ती बैठक ‘बायांच्या गप्पा’ म्हणून मोडीत काढू नये.

जे आता लिहायचे ते हलक्या हाताने लिहिता येत नाही. काही दुःख चटईने आणि वहीने हटत नाही. दोन-तीन आठवडे माणूस जेवत नाही, बोलत नाही, पहाटे उठून अंगणात नुसता बसतो, आवडत्या बैलाच्या पाठीवरून हातही फिरवत नाही, ‘माझ्यावाचून तुमचे काही अडणार नाही’ असे बोलतो, तेव्हा तो आजारी आहे असे समजावे. हा आजार आहे, नाटक नव्हे आणि बाहेरची बाधाही नव्हे. त्याला एकटे सोडू नये. सरळ विचारावे, ‘जिवाचे काही वाईट करावे असे मनात येते का?’ विचारल्याने विचार डोक्यात शिरत नाही. उलट आतले बोलायला वाट मिळते. भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात न्यावे. नागपूरला प्रादेशिक मनोरुग्णालय आहे. ऑक्टोबर २०२२ पासून केंद्र सरकारची टेलि-मानस ही सेवा सुरू आहे. १४४१६ या क्रमांकावर रात्री-बेरात्री, पैसे न लागता, मराठीत बोलता येते.

आणि घरातले कीटकनाशक कुलपात ठेवा. माच्याखाली नको, स्वयंपाकघराच्या कोनाड्यात नको. पेटीची किल्ली दुसऱ्याकडे असू द्या. श्रीलंकेने १९९५ नंतर अति विषारी कीटकनाशकांवर एकामागून एक बंदी आणली. तिथली शेती बुडाली नाही. पण पुढच्या वीस वर्षांत आत्महत्यांचे प्रमाण निम्म्याहून खाली आले. मरणाचा विचार पुष्कळदा एका घटकेचा असतो. त्या घटकेला हाताशी डबा नसला तर माणूस वाचतो आणि वाचलेल्यांपैकी बहुतेक जण पुढे आयुष्य काढतात, नातवंडे खेळवतात.

आपल्या भागात पूर्वीपासून मनाला विसावा देणारी एक वहिवाट होती, ती आपण अजून पूर्ण मोडलेली नाही. दिवाळी झाली की गावोगावी मंडई भरते, दंडार होते, झाडीपट्टीच्या नाटकांचे तंबू लागतात. लेकी-जावई येतात. कापणीच्या धांदलीतही एक दिवस गाव काम टाकून जमते. कोणी त्याला वेळ वाया घालवणे म्हणत नाही. मंडई वर्षातून एकदा येते. तिचाच एक लहानसा तुकडा रोज संध्याकाळी घरात ठेवायचा, एवढेच हे मागणे आहे.

वरठीसारख्या गावात अडचण राहते ती वेळेची. दुसऱ्या पाळीचा माणूस सायंप्रार्थनेला कधीच येऊ शकत नाही. त्या वेळी तो भट्टीपाशी असतो. पहिल्या पाळीच्या माणसाला सकाळचे ध्यान साधत नाही. पण त्याला संध्याकाळ मोकळी असते आणि दुसऱ्या पाळीवाल्याला सकाळ. महाराजांनी दोन वेळा ठेवल्या होत्या हे इथे उपयोगी पडते. गावात सेवा मंडळ असेल तर त्यांनी, नसेल तर आळीतल्या चार घरांनी, सकाळी साडेपाच-सहा आणि संध्याकाळी सात अशा दोन्ही वेळा चालू ठेवाव्यात. ज्याची जी पाळी त्याप्रमाणे त्याने यावे, आठवड्याने पाळी बदलली की वेळ बदलावी. रात्रपाळीवाल्याला संध्याकाळी निघण्यापूर्वी दहा मिनिटे सहज मिळतात. सतरंजी, झाडलेली जागा आणि दोन-चार माणसे, इतके साहित्य पुरते. खंजिरी असली तर उत्तम. मालगाडी मध्येच धडधडत गेली तर जाऊ द्यावी. ती गेल्यावर पुढची ओळ घ्यावी.